एचआयव्हीचे उपचार मिशन हॉस्पिटलात वाढवायचे की डोंगरातल्या दवाखान्यांत न्यायचे?

डोंगरवाट:
आफ्रिकेतल्या खेड्यात चर्चच्या हॉस्पिटलला पैसे मिळाले की एचआयव्हीसाठी नवी इमारत बांधायचं पहिलं डोक्यात येतं, मला ते अजिबात पटत नाही. साऊथ आफ्रिकेने चारही बाजूंनी वेढलेल्या लेसोथो या डोंगराळ देशात मोरिजा गावाला स्कॉट हॉस्पिटल आहे, चर्चचंच. २००६ पासून त्यांनी डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेबरोबर उपचार थेट आसपासच्या छोट्या दवाखान्यांत नेले. गोळ्या नर्सच सुरू करणार, आणि समजावणं, टेस्ट करणं, कोण आलं नाही ते बघणं हे गावातल्याच काउन्सेलरकडे, त्यातले बरेच स्वतः एचआयव्हीसोबत जगणारे. तेव्हा तिथे दर चार मोठ्या माणसांत जवळपास एकाला लागण होती आणि डॉक्टर अगदी मोजके. पोर पाठीला बांधून बाई डोंगर उतरून येणार, दिवसभर रांगेत बसणार आणि पुढच्या महिन्यात परत तेच, असं किती दिवस चालेल?

रानजाई:
दादा, मी नर्स आहे म्हणून सांगते, "नर्सकडे द्या" म्हणायला सोपं आहे. लसीकरण तिचंच, डिलिव्हरी तिचीच, जखमांचं ड्रेसिंग तिचंच, त्यात आता एचआयव्हीचं रजिस्टर. लेसोथोच्या नर्स जास्त पगारासाठी साऊथ आफ्रिकेला जातात आणि मागे राहिलेलीवर सगळं पडतं. शिवाय तिथले पुरुष साऊथ आफ्रिकेच्या खाणीतून टीबी घेऊन परत येतात. एचआयव्ही असला की थुंकीत टीबी बऱ्याचदा दिसत नाही, आणि टीबीच्या रिफॅम्पिसिन या औषधाने नेव्हिरापिन या एचआयव्हीच्या जुन्या औषधाचं रक्तातलं प्रमाण कमी होतं. असा पेशंट समोर आला तर एकट्या सिस्टरने कोणाला विचारायचं? हॉस्पिटल भक्कम पाहिजे, एक्स-रे पाहिजे, डॉक्टर पाहिजे.

डोंगरवाट:
ताई, हॉस्पिटल बंद करा असं कुठे म्हटलं? अवघड पेशंट तिथेच जाणार, डॉक्टरनेही दवाखान्यांत फेरी मारावी. पण ज्याची तब्येत गोळ्यांवर छान आहे त्याला उगाच मोरिजापर्यंत का आणायचं? नर्सवर बोजा आहे हे शंभर टक्के खरं, म्हणूनच काउन्सेलरना नीट पगार द्या, फुकट राबवू नका.

नांगरट:
पगार देणार कोण, मुद्दा तिथेच अडतो. २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा कोर्स वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला, त्याआधी तोच दहा हजारांच्या वर होता. आज औषध स्वस्त झालंय, पण माणसांचे पगार परदेशी मदतीवर. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मदत गोठवली आणि लेसोथोत शेकडो आरोग्य कर्मचाऱ्यांचं काम गेलं. सरकारच्या पगारपत्रकावर घेता येतील तेवढीच माणसं घ्या, त्यापुढे वाढवू नका.

डोंगरवाट:
म्हणजे पैसे नाहीत म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्याला परत पाठवायचं? मला हे कधीच मान्य होणार नाही. त्यापेक्षा सहा-सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, रांग आपोआप कमी होईल आणि आहेत त्याच माणसांत जास्त पेशंट बसतील.

रानजाई:
हे चालेल, पण व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, खाली असलेल्यांनाच. आणि लहान मुलांना नको, त्यांचे डोस वजनाप्रमाणे बदलतात, सहा महिन्यांत पोर केवढं वाढतं! त्यांना वजनकाट्यावर बघायलाच पाहिजे, आणि त्यासाठी दवाखान्यात दुसरी सिस्टर लागणारच.