संत ब्लेझ आणि घशाचे दुखणे : ही श्रद्धा किती जुनी?

प्रश्न
३ फेब्रुवारीला, ख्रिस्ती संत ब्लेझ यांच्या सणाच्या दिवशी, धर्मगुरू दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून भाविकांच्या गळ्याशी टेकवतात आणि घशाच्या व्याधींपासून रक्षण व्हावे अशी प्रार्थना करतात. माशाचा काटा अडकून गुदमरलेल्या मुलाला या संतांनी वाचवल्याची कथा सर्वपरिचित आहे. परंतु इतिहास म्हणून त्यांच्याविषयी नेमके काय सांगता येते, आणि घशाशी त्यांचे नाते या कथेमुळेच जुळले का?

प्रतिसाद १
खात्रीने सांगता येण्याजोगे फारच थोडे आहे. ते सेबास्ते, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील सिवास, येथील बिशप होते आणि लिसिनियस या रोमन सम्राटाच्या काळात, सुमारे ३१६ साली, त्यांचा शिरच्छेद झाला, अशी परंपरा आहे. ते मूळचे वैद्य होते, ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाल्यावर गुहेत जाऊन राहिले आणि आजारी जनावरे आपण होऊन तेथे येत, हा मजकूर कित्येक शतकांनंतरच्या चरित्रांतला आहे. मेणबत्त्यांचे मूळही तेथेच सापडते : एका गरीब विधवेचे लांडग्याने पळवलेले डुक्कर त्यांनी परत मिळवून दिले, म्हणून ते तुरुंगात असताना तिने त्यांच्यासाठी अन्न आणि मेणबत्त्या नेल्या.

प्रतिसाद २
चरित्रे उशिराची आहेत हे खरे, पण घशाचे नाते त्यांच्याहून जुने दिसते. आमिदा (आजचे दियारबाकिर) येथील एटियस या ग्रीक वैद्याने सहाव्या शतकातील आपल्या वैद्यकग्रंथात घशात हाड अडकल्यास करावयाचा उपाय दिला आहे. वैद्याने रुग्णाला समोर बसवून, येशूने लाजरसाला थडग्यातून बाहेर आणले तसे तूही बाहेर ये, असे त्या हाडाला सांगावे. मग रुग्णाचा गळा धरून, ख्रिस्ताचा सेवक हुतात्मा ब्लेझ आज्ञा करतो, वर ये नाहीतर खाली जा, असे म्हणावे. (वैद्याला दोन्ही चालण्यासारखेच होते!) असा मंत्र वैद्यकग्रंथात नोंदवला जातो, तेव्हा तो त्याआधीच प्रचारात असला पाहिजे. त्यामुळे माझ्या मते श्रद्धा आधीची आणि कथेचे आजचे रूप नंतरचे आहे.

प्रतिसाद ३
एका पुरवणीची गरज वाटते. क्रोएशियातील डुब्रोव्हनिकमध्ये हेच संत नगररक्षक म्हणून पूजले जातात, कारण ९७१ साली व्हेनिसच्या आरमाराचा डाव त्यांनी एका धर्मगुरूला दर्शन देऊन आधीच कळवला, अशी तेथील आख्यायिका आहे. गोव्यात कुंभारजुव्याजवळच्या गवंडाळी येथील सोळाव्या शतकातील सां ब्राझ चर्च याच संतांचे असून त्याचा संबंध डुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांशी जोडला जातो. मात्र नगररक्षक झाले म्हणून त्यांचे वैद्यपण मागे पडलेले नाही. डुब्रोव्हनिकच्या उत्सवातही भाविक गळ्याला आशीर्वाद घेण्यासाठी रांगा लावतात.