माळवदाचं नऊ खणांचं घर, बजेट सात लाख. काय ठेवू, काय काढू?

औसेकर_लेक
नमस्कार. औसा तालुक्यात गावठाणातच आमचं आजोबांनी बांधलेलं घर आहे. मातीत रचलेल्या दगडाच्या दोन हात रुंद भिंती, सागवानी खांब-तुळया, वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत. पुढं ढाळज (दारालगतची बैठकीची जागा), मग ओसरी, माजघर, मागं परस. दोन वर्षांपासून ढाळजेवरचे दोन खण (दोन तुळयांमधले भाग) गळतायत. आई (वय ७१) तिथं एकटी राहते आणि पुण्याला यायला तयार नाही.

मला घर जुन्या शेतकरी घरासारखंच ठेवायचंय: ओसरी, भिंतीतल्या देवळ्या, कडीपाट (तुळयांवरचं लाकडी छत), शहाबादी फरशी. आईचे गुडघे दुखतात म्हणून संडास-न्हाणी घरातून जाता येईल अशी हवी. सात लाख आहेत, त्यावर एक रुपया नाही आणि कर्ज काढायचं नाही. मिस्त्री म्हणतो सगळं पाडा, स्लॅब टाका, अकरा लाख लागतील. माळवद ठेवावं का? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगावं.

निलंगा_रोड
ताई, मिस्त्री बरोबर बोलतोय. आम्ही २०१९ ला वाडा पाडला आणि आरसीसी केलं. खाली चार खोल्या, वर दोन, पुढं ग्रॅनाईटचा जिना. अठरा लाख गेले पण आज गावात तसं घर नाही. जुन्यात पैसा घालणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. बजेट थोडं वाढवा आणि एकदाच काय ते करून मोकळं व्हा.

पांढरी_माती
स्लॅबवाल्यांनी मे महिन्यात दुपारी दोन वाजता आपल्या खोलीत बसून मग सल्ला द्यावा. बेचाळीस अंश असताना आमच्या माजघरात पंखा लागत नाही. माळवद गळतं ते माळवदाच्या दोषानं नाही, निगा सुटली म्हणून. आमच्याकडं दरवर्षी मृगाच्या आधी वरचं गवत मुळासकट उपटतात, भेगा बुजवतात, पांढरी माती पसरून धोपटतात. पन्हाळी साफ करतात. एवढं केलं की थेंब येत नाही. तुमचे दोन खण फक्त उकला: माती खाली घ्या, कुजलेल्या किलच्या (मातीखालच्या लाकडी पट्ट्या) बदला, कडुलिंबाचा पाला अंथरा, परत माती भरा. लाखभरात होईल. बाकी सहा लाखांत न्हाणी, फरशी आणि परसाला भिंत.

निलंगा_रोड
आणि दरवर्षी माळवदावर चढणार कोण, ७१ वर्षांची आई?

पांढरी_माती
गावात माणसं आहेत अजून. पैसे दिले की येतात.

कास्तकार_उदगीर
कुठं येतेत दादा. मी दोन वर्षं झालं माणूस हुडकायलोय. जे म्हातारे माळवद धोपटायचे ते गेले, पोरं पुण्याला. पांढरी माती बी आता कुणी खणू देईना.

ताई, एक मातर सांगतो. घर उकलायला काढलं की लाकडाचे व्यापारी दारात येतेत. आमच्या ढाळजेचं कवाड, पितळी फुल्याचं, अडण्यासकट (आतून लावायच्या लाकडी दांड्यासकट), मी पाडायच्या घाईत देऊन टाकलं. जे पैसे आले ते ट्रॅक्टरच्या हप्त्यात गेले. नंतर तसंच एक कवाड औरंगाबादला हाटेलात लावल्यालं बघितलं आन तिथं जेवण गेलं नाही मला. काई बी करा, कवाड आन खांब देऊ नका.

चुनखडी
सगळ्यांच्या आधी एक काम करा. तुळईचं जे टोक भिंतीत गेलंय तिथं जाड स्क्रूड्रायव्हर जोरात खुपसून बघा. मधली तुळई कितीही ठणठणीत वाजली तरी वाळवी आणि ओल दोन्ही भिंतीतल्या टोकालाच लागतात. आमच्या सहा तुळयांपैकी दोन आतून भुसा निघाल्या, वरून रंग लावलेल्या होत्या म्हणून कळलंच नाही.

आणि आतल्या मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, ती आतच राहते आणि तीन-चार पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे धरतात. आमच्या समोरच्या भिंतीचा अख्खा पडदा सुटून खाली आला. चुन्याचा गिलावा करा, नाहीतर माती-शेणाचा. चुना महाग नाही, तो मळून मुरवणारा गवंडी मिळायला वेळ लागतो.

भूमचा_भाऊ
वाळवीला जळकं ऑईल. आमच्या सगळ्या खांबांना दर दिवाळीला लावतो.

चुनखडी
जळक्या ऑईलनं लाकूड काळं पडतं, महिनाभर वास जात नाही आणि त्याच घरात चूल पेटते हे विसरू नका. वाळवीचं औषध जमिनीत, पायाच्या कडेनं द्यायचं असतं. वाळवी मातीतून येते, खांबातून नाही.

भूमचा_भाऊ
तीस वर्षं लावतोय, एक खांब गेला नाही. अनुभवावर बोला.

मांजराकाठ
शहाबादीच घ्या, व्हिट्रिफाइड टाइल नको. माझी सासू न्हाणीतून ओल्या पायानं आली आणि टाइलवर घसरली, खुब्याचं ऑपरेशन झालं. शहाबादी बिनपॉलिशची खरबरीत घ्या, न्हाणीत तर नक्कीच. आणि ती पुसायला कुणी अ‍ॅसिड आणलं तर हात धरा. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, अ‍ॅसिडनं वरचा थर फेसाळून जातो आणि फरशी कायमची पांढरट पडते. आमची ओसरी तशीच गेली.

न्हाणीचं कमोड थोडं उंच बसवा, बाजूला हाताला धरायला दांडी. हे आता केलं तर काहीच खर्च नाही.

तेरणाथडी
घरकुल योजनेत बसतं का बघा. सरकारकडून मदत मिळते.

निलंगा_रोड
ते यादीत नाव असेल तर. आणि पुण्यात नोकरी करणाऱ्यांनी गरिबाचं घरकुल कशाला घ्यायचं?

तेरणाथडी
मी आईच्या नावाचं म्हणत होतो. आधी ग्रामपंचायतीतून नमुना आठ काढा, घर कुणाच्या नावावर आहे ते तरी कळेल. आमचं काम चुलत्यानं अर्ध्यावर थांबवलं होतं, घर अजून आजोबांच्याच नावावर होतं.

स्थापत्य_अंबाजोगाई
मी सिव्हिलचं काम करतो. इथं स्लॅब की माळवद हेच चाललंय, भिंतीबद्दल कुणी विचारलं नाही. दोन हात रुंद दगडी भिंत दिसते मजबूत, पण बहुतेक जुन्या घरांत ती एक भिंत नसतेच. आतलं तोंड वेगळं, बाहेरचं तोंड वेगळं, मध्ये माती आणि खडीची भर. दोन्ही तोंडांना बांधणारे आरपार दगड नसतील तर हादऱ्यात ती दोन्ही बाजूंना फुगते आणि पसरते.

आता वरचं वजन मोजा. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट मातीचं माळवद म्हणजे चार-साडेचार टन, भिजलं की आणखी. दरवर्षी माती टाकत गेल्यानं पुष्कळ घरांत ती दीड-दोन फूट झालेली असते. जुनी काढून नवी टाकायची हे कुणी करत नाही, पांढरी_माती यांनीही सांगितलं नाही.

माझा सल्ला: माळवद ठेवा, पण सगळी माती उतरवून आठ इंचच परत घाला, खाली जाड प्लॅस्टिकचा कागद. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यांत तिरपे लाकडी टेकू ठोका म्हणजे सांगाडा डोलणार नाही. भिंतीत दर तीन-चार फुटांवर भोक पाडून सळई घालून काँक्रीट भरा, तोच आरपार दगड. दारांच्या वर चारही बाजूंनी भिंतींना बांधून धरणारा पट्टा फिरवा. या जुन्या मातीतल्या भिंतींवर स्लॅब मात्र अजिबात नको. आणि न्हाणीचा शोषखड्डा जोत्यापासून लांब घ्या. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि नव्या बांधकामाला पहिली भेग तिथूनच जाते.

पांढरी_माती
आमच्याकडं जुनी माती काढूनच नवी टाकतात. न बघता बोलू नका.

औसेकर_लेक
सगळ्यांचे आभार. बजेट सातच आहे, हे परत सांगते. तुळया तपासल्या: नऊपैकी एक गेली आहे, बाकी पक्क्या. माळवदाची माती मोजली, ढाळजेवर एक फूट दहा इंच निघाली.

एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवी होती. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं घर उभंच राहिलं होतं, पडलं नव्हतं. खांबांनी माळवद धरलं, फक्त उत्तरेच्या भिंतीचं बाहेरचं तोंड गल्लीत कोसळलं. ते नंतर बाबांनी परत रचून घेतलं. आई त्यानंतर पाच महिने अंगणात झोपली. मी काल तिला विचारलं, माळवद नीट करून घेऊ का. ती म्हणाली, तुला आवडतं तर कर, मी ओसरीतच झोपते. मला हे माहीतच नव्हतं. तीस वर्षं ती माजघरात झोपलेलीच नाही.

लोहारा_९३
ताई, मी त्या वेळी अकरा वर्षांचा. ३० सप्टेंबर, पहाटे चारला चार मिनिटं कमी. गणपती बुडवून माणसं नुकती झोपली होती. आमच्या घराचे खांब उभे राहिले, भिंती आत पडल्या. आजी भिंतीकडंला झोपलेली होती. ज्यांची घरं नुसती भिंतींवर होती, खांब नव्हते, त्यांचं माळवदच खाली आलं. इंजिनिअर साहेब म्हणतात ते सगळं खरं आहे, भिंतीच दाबतात. बावन्न गावं नव्या जागी उठवली तेव्हा आमच्यातली कितीतरी माणसं सरकारी घरात न झोपता पुढं पत्र्याचं शेड मारून त्यात झोपायची. पुस्तकातलं गणित नंतर बघा. तुमच्या आईला झोप लागंल ते करा.

निलंगा_रोड
म्हणूनच आरसीसी म्हणतोय. नीट बांधलेलं कॉलम-बीमचं घर सहसा पडत नाही. माझ्या इंजिनिअरचा नंबर देऊ का?

औसेकर_लेक
ठरलं. तुम्हा सगळ्यांचं ऐकून, आणि कुणाचंच पूर्ण न ऐकता.

माळवद जातंय, सगळ्या नऊ खणांवरचं. स्लॅब टाकत नाही. दगडी भिंती खिडकीच्या तळापर्यंत, तीन फूट, ठेवणार. त्या स्थापत्य दादांनी सांगितल्याप्रमाणे आरपार बांधून घ्यायच्या आणि वर पट्टा. त्याच्या वर हलके एएसी ब्लॉक (सच्छिद्र सिमेंटच्या विटा), खांबांना पट्ट्यांनी जखडलेले. कडीपाट जागेवर राहील, कोपऱ्यांत तिरपे टेकू. कडीपाटाच्या वर दीड फूट मोकळी जागा सोडून पत्रा, दोन्ही टोकांना जाळी म्हणजे गरम हवा निघून जाईल. पत्रा तापतो हे मला माहीत आहे, पांढरी_माती काका, रागवू नका. तुमचं माजघर थंड राहतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण आमचं थंड माजघर रिकामं होतं.

कवाड, अडणा, देवळ्यांचे चिरे सगळं राहतंय. शहाबादी बिनपॉलिशची. घर आईच्याच नावावर निघालं. आकडा सहा लाख ऐंशी हजारांपर्यंत आलाय.

पांढरी_माती
मला पटलं नाही. पण आईंचं तसं असेल तर माझं काही म्हणणं नाही. माळवदाची जी माती निघेल ती टाकून देऊ नका, परसात पसरा.

स्थापत्य_अंबाजोगाई
चालेल. माझ्या मते आठ इंच माळवदही टिकलं असतं, पण हे हलकं आहे. कडीपाटाच्या वर बांबूच्या तट्ट्या टाकून घ्या, दुपारी फरक पडेल.

कास्तकार_उदगीर
अवकाळीचं वारं बघून पत्रा नीट बोल्टानं आवळा ताई. आमच्याकडं मागच्या वैशाखात तीन घराचे उडाले. आन लोक उडू नये म्हणून वर दगडं ठेवतेत, तसं करू नका.

औसेकर_लेक
नाही ठेवणार दादा. आईनं मिस्त्रीला पहिलं तेच बजावलं, वर एकही दगड दिसला तर मी त्याला शिडी लावू देणार नाही म्हणून. सोमवारपासून माती उतरवायला घेतोय.