आखाजीच्या पुरणात झायलिटॉल चालतं का? अप्पांना शुगर आहे

अमळनेरची_लेक
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. रविवारी आखाजी (अक्षय्य तृतीया), मी माहेरी आलेय आणि घरात आत्तापासूनच वाद सुरू. अप्पा ६८ वर्षांचे, शुगर जुनी, तीन महिन्यांच्या सरासरीची टेस्ट (HbA1c) ८.१ आलीय, शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू आहे, मागे हृदयाला एक स्टेन्ट पण बसवलाय. पण खापराच्या पोळ्या (खापरावर भाजलेल्या मोठ्या पुरणपोळ्या) आणि आंब्याचा रस म्हटलं की कुणाचं ऐकत नाहीत. भाऊ पुण्याहून झायलिटॉलचा (साखरेऐवजी वापरतात ती गोड पावडर) किलोचा पुडा घेऊन आलाय, म्हणतो साखरेइतकंच गोड, शुगर वाढत नाही, अप्पांना पोटभर खाऊ द्या. आई म्हणते किलोभर डाळीला किलोभर गूळ लागतो, तेवढंच हे टाकते. कोणी करून बघितलंय का? पुरण जमतं का, त्रास काय होतो?

चोपड्याचा_भो
ताई मी खाऊन बसलोय म्हणून सांगतो. मागच्या दिवाळीत बायकोने याचे रव्याचे लाडू केले, चव साखरेचीच पण तोंडात पेपरमिंट ठेवल्यासारखं गार लागतं, लाडू खातोय का बाम चाटतोय कळेना. तरी चार हाणले भो. तासाभरात पोटात थ्रेशर चालू, पुढचं लिहीत नाही, लेकीबाळी वाचतात इथे.

गोळ्यावाला_भुसावळ
मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही, तरी हिशोब सांगतो. झायलिटॉल विष नाही. साखरेला ग्रॅममागे ४ कॅलरी, याला २.४ धरतात, आणि रक्तातली शुगर फार थोडी चढवतं, इथवर तुमचा भाऊ बरोबर. दातांनाही बरं, कारण दात किडवणाऱ्या जंतूंना ते पचत नाही, म्हणून तर शुगर-फ्री च्युइंगममध्ये असतं. पण तिथे दिवसाला ५-६ ग्रॅमची गोष्ट असते हो. तुम्ही किलोभर टाकणार, त्याच्या बारा-पंधरा पोळ्या धरल्या तर एकेका पोळीत ६५ ते ८५ ग्रॅम गेलं. एका वेळी २०-३० ग्रॅमलाच बऱ्याच जणांचं पोट बिघडतं. लहान आतड्यात ते पूर्ण शोषलं जात नाही, उरलेलं मोठ्या आतड्यात उतरतं, पाणी ओढून घेतं, तिथले जंतू त्याचा गॅस करतात. चोपड्याच्या भाऊंचा थ्रेशर तोच. त्यात मेटफॉर्मिनने काहींचं पोट आधीच सैल असतं, आणि ह्या उन्हात ६८ च्या माणसाला जुलाब म्हणजे सलाइनच.

दुसरं स्टेन्टचं. २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या लोकांचा अभ्यास आला, तीन हजारांवर माणसं होती, ज्यांच्या रक्तात झायलिटॉल जास्त त्यांच्यात हार्ट अटॅक-स्ट्रोक जास्त दिसले. दहा निरोगी माणसांना ३० ग्रॅम घातलेलं पेय पाजलं तर रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या पेशी जास्त चिकट झाल्या. आता यावर आक्षेप पण आहेत, शरीर स्वतःही थोडं झायलिटॉल बनवतं त्यामुळे रक्तात सापडलेलं सगळं खाण्यातलंच असं म्हणता येत नाही, आणि एकामुळे दुसरं होतं असं सिद्ध झालेलं नाही. पण स्टेन्टवाल्या माणसावर प्रयोग आपण का करायचा? आधी कार्डिओलॉजिस्टला फोन लावा.

जाता जाता, हे आजकाल बरंचसं मक्याच्या कणसापासून बनवतात, दाणे काढून उरलेलं जे आपण चुलीत घालतो ना, तेच. आपल्याकडे ढिगाने पडलेलं आणि पुडा साखरेच्या कितीतरी पट महाग!

शिरपूरकर
घरी कुत्रं आहे का??? आपल्याकडे शेवटची पोळी कुत्र्याला घालतात म्हणून विचारतोय. माणसाला चालतं पण कुत्र्याच्या अंगात झायलिटॉल गेलं की इन्सुलिन एकदम सुटतं, अर्ध्या-एक तासात शुगर इतकी खाली जाते की झटके येतात, जास्त गेलं तर लिव्हर पण जातं. थोडंसंही पुरतं. खाल्लंच तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ जनावरांच्या डॉक्टरकडे.

नंदुरबारची_मावशी
सगळे पुड्यावरच बोलताय, बाकीच्या ताटाचं काय गं बाई. पोळी गव्हाची, पुरण डाळीचं, वर वाटीभर रस, त्यात आंब्याचीच साखर चार-पाच चमचे. गूळ काढला तरी शुगर वाढणारच. मी ह्यांना अर्धी पोळी गुळाचीच देते, सोबत आमटी, भाजी जास्त, रस दोन चमचे, आणि जेवणावर ओसरीत फेऱ्या. "शुगर-फ्री आहे" कळलं की हे दोनाच्या जागी चार खातात, अनुभव आहे. आणि गोळी त्या दिवशी स्वतःच्या मनाने वाढवू नका.

अमळनेरची_लेक
मोत्या आहे ना घरी, अंगावर काटा आला वाचून! आईने पुडा लगेच वरच्या फळीवर टाकला. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले नकोच, थोडं गोड खाल्लं तर घरी तपासा.

अमळनेरची_लेक (सोमवार)
मावशी, तुमचंच केलं. आगारी टाकली (पितरांच्या नावाने विस्तवावर घास), घागर पुजली, अप्पांना अर्धी पोळी वाढली, तर म्हणे "पाहुण्यालाही एवढं कमी वाढत नाहीत." दोन तासांनी शुगर १९६ आली, गप्प बसले. मग संध्याकाळी पत्त्यांच्या डावाला गेले आणि तिथे कुणाच्या तरी घरची पोळी खाऊन आले, हे आज कळलं. भावाला पुडा परत दिलाय, त्याच्या रूमवर कुत्रं नाही.