वाचनालयात विद्यार्थी बोलवायचे तर दुपारी दार कोण उघडणार?

माई (ए-१०२): सोसायटीच्या ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार. आपल्या मागच्या गल्लीतल्या वाचनालयाचं काम आहे. दाखलनोंद वहीत १४,००० पुस्तकं आहेत आणि सगळी नोंद हातानं लिहिलेली. सुरुवातीच्या दोन वह्यांची पानं आता सुटायला लागलीत. यादी कॉम्प्युटरवर घ्यायचं कार्यकारिणीत ठरलंय, पण बाहेरच्या माणसानं सांगितलेला खर्च आम्हाला झेपणारा नाही. विद्यापीठाची मुलं इंटर्नशिपसाठी येतात असं कळलं. आपल्या डोंबिवलीत कुणी असं केलंय का? अर्ज कुठे करायचा?

सेक्रेटरी (बी-२०४): माई, सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र देतो. कॉलेजकडे ५० मुलं मागू. पंधरा दिवसांत काम उरकेल.

सर (सी-२०१): सेक्रेटरीसाहेब, पत्र नक्की देऊ, पण जरा थांबा. मी कॉलेजात चार वर्षं एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा, कार्यक्रम अधिकारी होतो. तुमचा ५० चा आकडा वाचून एक दिवस आठवला. एका संस्थेनं स्वच्छतेसाठी ४० मुलं मागितली होती. आम्ही गेलो तर झाडू १२. बाकीची मुलं दोन तास उन्हात उभी. मग भाषण, फोटो, वडापाव. परत येताना एका मुलीनं विचारलं, "सर, याचे तास लावायचे का?" मी लावले, म्हणजे तिच्या सेवेच्या तासांत नोंदवले. ते मला आजही खुपतं. मुलं किती मिळतील ते नंतर विचारू. आपल्याकडे काम नेमकं किती आहे आणि त्यांच्यासोबत कोण बसणार आहे, ते आधी आपणच सांगायला हवं.

माई (ए-१०२): सर, मग सांगा ना, हिशोब कसा मांडायचा? मी वही घेऊन बसलेय.

सर (सी-२०१): एका पुस्तकाला किती वेळ लागतो, ते आधी स्वतः करून बघा.

माई (ए-१०२): काल दहा पुस्तकं करून पाहिली. दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत, कपाट. एकाला चार मिनिटं लागली. जुन्या पुस्तकांत वर्ष शोधावं लागतं.

सर (सी-२०१): म्हणजे तासाला १५. १४,००० पुस्तकांना ९३३ तास. मुलाला कॉलेजसाठी १२० तास करायचे असतील तर पहिले २० शिकण्यात जातात, आणि ते जायलाच हवेत. उरलेल्या १०० तासांत १,५०० पुस्तकं. म्हणजे दहा मुलं पुरतात. आता कॉम्प्युटर किती?

माई (ए-१०२): दोन. आणि वाचनालय सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८. सकाळी देवघेवीची गर्दी असते, तेव्हा मशीन मिळणार नाही.

सर (सी-२०१): मग दोन मशीन, संध्याकाळचे तीन तास, दिवसाला ९० पुस्तकं. १५६ दिवस. ५० मुलं आणली तरी १५६ दिवसच, कारण खुर्च्या दोन. पण दुपारी १२ ते ४ दार उघडं ठेवलंत तर दिवसाला २१० पुस्तकं होतात आणि काम ६७ दिवसांवर येतं. एका वेळी दोघं, अशी दहा मुलं आळीपाळीनं पुरे. दुपारी कोण बसणार, एवढंच ठरवायचं राहतं.

सेक्रेटरी (बी-२०४): हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पत्र थांबवतो.

अप्पा (ए-३०१): मुलांना यातून काय मिळतं? फुकट राबवून घेणं बरं नाही.

सर (सी-२०१): अप्पा, योग्य विचारलंत. वाटा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचं माप वेगळं. एनएसएस २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झालं, तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४०,००० विद्यार्थी होते. त्यात वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०. सात दिवसांचं निवासी शिबिर बहुधा दत्तक गावात होतं, ते आपल्या उपयोगाचं नाही. नियमित तासांचं काम मात्र इथे बसतं. मुंबई विद्यापीठाचा आजीवन अध्ययन व विस्तार विभाग आहे. आमच्या वेळी त्यात १२० तास पूर्ण केले की १० वाढीव गुण मिळायचे.

आणि आता नव्या शैक्षणिक धोरणात एम.ए., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट आहे. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. ते केल्याशिवाय पदवी पूर्ण होत नाही. त्यामुळे दर वर्षी कॉलेजचे शिक्षक अशा जागा शोधत फिरतात. गरज दोन्हीकडे आहे, फक्त बोलणं जूनच्या आधी झालं पाहिजे. परीक्षेच्या तोंडावर गेलात तर कुणी उभं करणार नाही.

दादा (सी-४०२): सर, मी विद्यार्थ्यांच्या बाजूनं बोलू का? आमच्या सेमिस्टरला कम्युनिटी एंगेजमेंट, म्हणजे लोकांत जाऊन काम, होतं. आम्ही एका ठिकाणी गेलो. पहिल्या दिवशी माहिती दिली, दुसऱ्या दिवशी मॅडम नव्हत्या, तिसऱ्या दिवशी सर्टिफिकेट. माझ्या रिपोर्टमध्ये लिहायला काहीच नव्हतं, इंटरनेटवरून भरला. मला खरंच काम करायचं होतं.

सर (सी-२०१): बाळा, हे लिहिलंस ते फार बरं केलंस.

दादा (सी-४०२): अजून एक. येण्याजाण्याचे पैसे द्या. विद्यार्थी पास घर ते कॉलेज एवढाच असतो. बदलापूरहून उल्हासनगरच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला डोंबिवलीला यायचं तर वेगळं तिकीट लागतं. मग ज्यांना परवडतं तीच मुलं येतात. आणि वाचनालयातलं स्वच्छतागृह दुपारी बंद असतं, मुली चार तास कशा थांबतील?

माई (ए-१०२): कुलूप आजपासून निघालं. इतकी साधी गोष्ट, आम्हा बायकांच्याही लक्षात आली नाही. तिकिटाचं कार्यकारिणीत मांडते.

सेक्रेटरी (बी-२०४): तिकिटाचे पैसे सोसायटीच्या सांस्कृतिक निधीतून देता येतील, सर्वसाधारण सभेत ठेवतो.

नाना (बी-१०१): आमच्या ज्येष्ठ नागरिक संघालाही मुलं हवीत. आपल्याच दोन इमारतींत एकटे राहणारे ११ जण आहेत. आठवड्यातून दोनदा कुणी येऊन बसलं, औषधं आणून दिली तरी पुष्कळ.

ताई (बी-३०४): नाना, मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात एम.ए.सारखी पदवी, केलंय म्हणून यावर मोठं लिहिते, सांभाळून घ्या. एमएसडब्ल्यूच्या मुलांना आठवड्यातले दोन दिवस फिल्डवर्क असतं, वर्षभर. जिथे जातात त्या संस्थेला आम्ही एजन्सी म्हणतो. दर आठवड्याला रेकॉर्डिंग लिहायचं, म्हणजे काय पाहिलं, काय केलं, आपण कुठे चुकलो. कॉलेजचे सुपरवायझर ते वाचून दर आठवड्याला समोर बसवून बोलतात.

माझं पहिल्या वर्षाचं फिल्डवर्क एका आजींकडे होतं. मी मंगळवार-गुरुवार जायची. मार्चमध्ये वर्ष संपलं आणि मी जायची थांबले. शेवटच्या भेटीत सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, फक्त दोन कपांतला एक कप आत नेऊन ठेवला. याला आमच्याकडे टर्मिनेशन म्हणतात, आणि त्याची तयारी पहिल्या दिवसापासून करायची असते: मी अमुक तारखेपर्यंत येणार, नंतर कोण येणार. मी ते केलं नव्हतं. नाना, मुलं नक्की बोलवा, पण त्या ११ घरांत मुलाचं येणं संपल्यावर संघाचं कोण जाणार, ते आधी ठरवा. आणि कुणाचं बँकेचं, दागिन्यांचं, मुलांशी असलेल्या भांडणाचं रेकॉर्डिंगमध्ये खऱ्या नावानं जाता कामा नये.

नाना (बी-१०१): वाचलं. दोनदा वाचलं. संघाच्या बैठकीत वाचून दाखवू का?

ताई (बी-३०४): दाखवा नाना. आणि आपली संस्था लहान म्हणून संकोच करू नका. आपल्या देशात समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं तेच एका वस्तीतल्या संस्थेतून. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत नागपाडा नेबरहुड हाउस चालवायचे. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटांच्या नावाची संस्था तिथे सुरू झाली, मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक. तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. वस्ती आधी, वर्ग नंतर.

अप्पा (ए-३०१): हे माहीत नव्हतं. नागपाड्यात आमचं प्रेस होतं.

काकू (ए-४०३): माई, वाचनालयात देवघेवीला असतो त्या मुलाला सांगितलंय का हे? काल तो माझ्याकडे विचारत होता, मुलं येणार म्हणजे माझी नोकरी जाणार का म्हणून. तुटपुंज्या पगारात नऊ वर्षं करतोय.

माई (ए-१०२): नाही सांगितलं. चूक झाली. उद्या सकाळीच बोलते.

सर (सी-२०१): माई, मुलांना शिकवणारा तोच असू द्या. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, कुठल्या वहीत खाडाखोड आहे, त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. पगारी माणसाच्या जागी विद्यार्थी बसवायचे नाहीत, हे कराराच्या पहिल्या ओळीत लिहा. आणि त्याला त्या महिन्यांचं जास्तीचं मानधन द्या.

दादा (सी-४०२): सॉफ्टवेअर कुठलं? कोहा मोफत आहे आणि मराठी चालतं.

सर (सी-२०१): चालेल, पण यादी नुसतं टाइप करणं नव्हे. एकाच लेखकाचं नाव तीन जणांनी तीन तऱ्हांनी टाकलं तर शोधताना पुस्तक सापडत नाही. म्हणून दोघं तरी ग्रंथालयशास्त्राची हवीत. एसएनडीटी महिला विद्यापीठात तो अभ्यासक्रम आहे, मुंबई विद्यापीठातही आहे. वर्गीकरण आणि तपासणी त्यांच्याकडे, नोंदी बाकीच्यांकडे. त्यांना स्वतःच्या अभ्यासातलं काम मिळेल आणि आपल्या चुका वाचतील.

पत्रात एवढंच लिहा: काम काय, किती तास, कुठल्या वेळेत, आमच्याकडून जबाबदार कोण, प्रवासखर्च किती, शेवटी मुलाच्या हातात काय (त्यानं केलेल्या नोंदींची संख्या प्रमाणपत्रावर लिहा, 'उत्तम सहकार्य' लिहू नका). कॉलेजकडून एक मार्गदर्शक शिक्षक मागा आणि त्यांना महिन्यातून एकदा चहाला बोलवा. दोन पानांचा सामंजस्य करार पुरतो. पहिल्या वर्षी चारच मुलं घ्या.

सेक्रेटरी (बी-२०४): चार?

सर (सी-२०१): चार. ६७ दिवसांचं काम लांबेल, लांबू दे. चार मुलं नीट गेली तर पुढच्या वर्षी शिक्षक स्वतः फोन करतील.

माई (ए-१०२): मान्य. वाचनालय सोमवारी बंद, म्हणजे दुपारचे सहा वार. मंगळवार माझा.

अप्पा (ए-३०१): बुधवार मी.

काकू (ए-४०३): शुक्रवार घेते. साडेतीनला नातीला शाळेतून आणावं लागतं, शेवटचा अर्धा तास कुणीतरी या.

ताई (बी-३०४): तो अर्धा तास आई येईल. रविवार माझा.

दादा (सी-४०२): शनिवारी मी येतो. मला तासही नकोत.

सर (सी-२०१): तास लाव. केलेल्या कामाचे तास लावायचेच.

नाना (बी-१०१): गुरुवार राहिला. मला कॉम्प्युटरचं काही कळत नाही, पण बसेन. चालेल का?

माई (ए-१०२): चालेल नाना. जास्तीची किल्ली बनवून ठेवते, बुधवारी संध्याकाळी घेऊन जा.