पोरांना घेऊन काचघराच्या बागेत नेमकं कधी जायचं? आणि बागेला आपल्याकडून काय मदत होऊ शकते?

खेड्यातली मॅडम
नमस्कार सगळ्यांना. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात झेडपीच्या शाळेवर आहे. तास-दीड तासावर एक सरकारी वनस्पती उद्यान आहे, त्यात काचेचं एक मोठं घर, आत नेचे (फर्न), ऑर्किड, पामची झाडं वगैरे. मागच्या वर्षी परीक्षा झाल्यावर एप्रिलच्या शेवटी पोरांना नेलं, कारण गाडी तेव्हाच स्वस्तात मिळाली. बाहेर सगळं वाळून गेलेलं, काचघराला वरून चुना मारलेला, खिडक्यांना पोती बांधलेली, आत अंधुक, पोरं पाच मिनिटात बाहेर येऊन बर्फाच्या गोळ्याच्या गाडीकडे पळाली. मला फार वाईट वाटलं, गोळा करून करून गाडीभाडं भरलं होतं पालकांनी.
पण पाचवीतली एक मुलगी आतच थांबली होती. नेच्याच्या कुंडीसमोर उकिडवी बसून ते गोगलगायीसारखं गुंडाळलेलं टोक पाहत होती, मला म्हणे "मॅडम, हे उद्या उघडंल का?" मला उत्तर माहीत नव्हतं आणि उद्या आम्ही तिथे असणारही नव्हतो. ते माझ्या मनातून जात नाही. तर यावेळी नीट विचारून जायचं आहे, कोणत्या मोसमात न्यावं, आणि अशा बागेला आपण खेड्यातली माणसं काही मदत करू शकतो का? पैसे फार नाहीत आमच्याकडे, हात भरपूर आहेत.

झाडीपट्टीचा काका
मॅडम, चुना अन् पोती पाहून नाराज नोका होऊ. मी बावीस वर्स रोपवाटिकेत काम केलं, त्यातले नऊ वर्स असंच एक घर माह्याकडं होतं, म्हून सांगतो. काच म्हंजे ऊन आत घेते पन गरमी बाहेर जाऊ देत नाई. थंड मुलखात लोकाइनं हे घर ऊब धरून ठेवाले बांधलं, आपल्याकडं त्याचं काम उलटं हाय, आपल्याले सावली अन् ओल धरून ठेवाची असते. मे महिन्यात बाहेर ४५-४६ डिग्री असलं तं काचेच्या आत भट्टी होते, म्हून होळी झाली का चुना माराचा, मिरगाच्या पान्यानं तो आपोआप धुतल्या जाते.
अन् नेच्याले उनापेक्षा कोरडी हवा जास्त मारते. जमिनीवर विटांचा चुरा पसरलेला असते ना, तो काई शोभेसाठी नाई, त्याच्यावर दिवसातून तीन-चार डाव पानी शिंपडाचं, ते उडते अन् हवा ओली राह्यते. पोती भिजवाची तेबी त्याच्यासाठीच. घरच्या कूलरचं अन् वाळ्याच्या ताटीचं हेच काम हाय, हवा कोरडी असली तरच गारवा होते. जुलैत कूलर लावून पाहा, नुसती चिकचिक. तसंच काचघराचं, पानी लागलं का पोती सोडाची, वरच्या खिडक्या उघडाच्या, नाई तं पानाले बुरशी धरते. पावसात रात्री टॉर्च घेऊन आमी गोगलगायी येचत होतो, कुंडीच्या बुडाले हात फिरवला का दहा-पंधरा हाताले लागत. थंडीत उलटं, दिवसा खिडकी उघडाची अन् चार वाजता बंद कराची, कारन आपल्याकडं जानेवारीत रात्री ८-१० डिग्रीवर उतरते अन् केरळाकडचं झाड तेवढ्यानं पान टाकते.
नवतपा होता एका साली, म्हंजे मेच्या आखरीचे ते नऊ तापलेले दिवस, लाइट दोन दिवस गेली, मोटर बंद. आमी चौघं जनं विहिरीवरून बादल्यानं पानी आनत होतो, शेवटी आमच्यातल्या एकाची बायको घरची लुगडी घेऊन आली, ते भिजवून खिडक्याले टांगले. चाळीसेक कुंड्या गेल्या, बाकीच्या वाचल्या. तुमी एप्रिलात गेल्या तं तुमाले ते घर झगडत असताना दिसलं मॅडम, पोराइले ते सांगनारं कोनी नव्हतं एवढंच.
त्या पोरीले सांगा, एका दिवसात नाई उघडत. जातीवर हाय, पन आठ-दहा दिवस तरी लागतेत, ओल चांगली असली तं लौकर. अन् पानाच्या मागं तपकिरी ठिपके पाह्याले सांगा, नेच्याले फूलबी नाई अन् बीबी नाई, त्या ठिपक्यातली भुकटीच त्याचं सगळं काई.

पळसगावकर
काकांनी काचघराचं सगळंच सांगितलं, मी बाहेरच्या झाडांचं सांगतो. मॅडम एक चूक नका करू, चार वेगवेगळ्या बागा बघण्यापेक्षा एकच बाग चार वेळा बघा. प्रत्येक पोराला एक झाड वाटून द्या आणि दर वेळी त्याच झाडाशी जाऊन उभं राहायला लावा, माझ्या पोरीसोबत मी हे करतो, तिचं झाड कुसुम आहे. मार्चमध्ये त्याला अशी लालभडक पालवी येते की लांबून लोक फुलं समजतात, आणि पंधरा दिवसांनी गेलं तर हिरवंगार, तिला पहिल्यांदा वाटलं कोणी झाड बदललं.
फेब्रुवारीच्या शेवटापासून काटेसावर, पळस आणि पिवळी सोनसावर, तीनही पानं टाकून फुलतात, सकाळी आठच्या आत गेलात तर पळसावर मैना, सूर्यपक्षी, खारी सगळे एकाच फांदीवर दिसतील. मे महिन्यात बहावा. जुलै-ऑगस्टमध्ये सागाचा फुलोरा, तो कोणी बघतच नाही, आपण सागाच्या जंगलात राहून साग फुललेला पोरांना माहीत नसतो. श्रावण-भादव्यात कुंपणावर कळलावी, तिला हात लावू देऊ नका, कंद फार विषारी असतो. म्हणून मला विचाराल तर पोळ्याच्या आसपास एकदा आणि होळीच्या आधी एकदा, एवढं जमलं तरी पुरे.
आणि वर्षातून एकदा लांब जायचं झालं तर चंद्रपूर-बल्लारपूर रस्त्यावर विसापूरचं उद्यान आहे, अमरावतीला वडाळीचं बांबू गार्डन, नागपूरला महाराजबाग. गडचिरोलीकडच्या आलापल्लीचं जुनं सागवन तर २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झालंय, तिथलं एक झाड कवेत घ्यायला किती पोरं लागतात ते मोजायला लावा.

बियाणेवाली ताई
मदतीबद्दल लिहिते, मी बॉटनी शिकले आणि दोन वर्षं एका बागेत दर रविवारी जात होते. सगळ्यात आधी, घरून कुंड्या-रोपं उचलून भेट द्यायला नेऊ नका. मन चांगलं असतं लोकांचं पण त्या रोपासोबत पिठ्या ढेकूण (रस शोषणारी पांढरी कीड) जातो आणि बंद काचघरात तो महिनाभरात सगळीकडे होतो. मी स्वतः जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने ऑर्किडचं एकेक पान पुसलंय, अख्खा श्रावण गेला त्यात.
त्यापेक्षा बिया द्या, आणि आधी फोन करून विचारा की काय पाहिजे. पाकिटावर झाडाचं नाव, कोणत्या शिवारातून, कोणत्या तारखेला वेचलं हे लिहिलेलं असलं की त्या बियांची किंमत बागेच्या दृष्टीने दहापट होते, नुसती पिशवी भरून दिलेल्या बियांचं ते काही करू शकत नाहीत. मोहाचं बी फार दिवस टिकत नाही, फळ पडलं की ताजंच पोचवावं लागतं, वाळवून डब्यात ठेवलं तर उगवत नाही. बहाव्याचं उलट, बी इतकं टणक की गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवावं लागतं किंवा एका बाजूने पॉलिश पेपरवर घासावं लागतं, हे काम पोरं इतक्या आवडीने करतात!
दुसरं म्हणजे पाट्या. लॅटिन नाव असतं, मराठी नाव असतं, पण तुमच्याकडच्या गोंडी आणि कोलामी घरांत त्या झाडाला काय म्हणतात ते कुठेच लिहिलेलं नसतं. मॅडम, तुमच्या वर्गात ती पोरं असतीलच, त्यांच्या आज्यांना विचारून यादी करा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही असते, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद, ती उघडून बघा, तीच यादी तिथेही चढवता येईल. आणि तिकीट काढूनच आत जा, ओळखीच्या माणसाने फुकट सोडलं तरी. गेटवर किती माणसं आली तो आकडाच पुढे बजेट मागायला कामी येतो, तुमची चाळीस पोरं त्यात मोजली गेली पाहिजेत.

पळसगावकर
ताई, पण माझं एक म्हणणं आहे, उन्हाळ्यात माणसांची गरज जास्त असते ना? सगळे फुलांच्या वेळी जातात, मे मध्ये कोणी फिरकत नाही.

बियाणेवाली ताई
अगदी बरोबर. मोठी माणसं असाल तर मे मध्येच जा, सकाळी सहा ते आठ, आणि पाणी घालायला माणूस पाहिजे का विचारा. कोणी नाही म्हणत नाही. लहान पोरांना मात्र नको.

झाडीपट्टीचा काका
पानी घालाचं तं झारीनं घाला, पाइपानं नाई, पाइपाच्या धारेनं कुंडीतली माती उडते अन् मुळ्या उघड्या पडतेत. अन् सात वाजाच्या आत, नंतर पाइपातलं पानीच तापलेलं येते.

खेड्यातली मॅडम
काका, तुमचं लिहिलेलं मी आज वर्गात वाचून दाखवलं, लुगड्यांचं ऐकून पोरं एकदम गप्प झाली. असं ठरलंय की पोळ्यानंतरच्या शनिवारी जायचं, आणि होळीच्या आधी परत. झाडं वाटून दिली, सागासाठी भांडण झालं, चिठ्ठ्या टाकल्या. नावांची यादी सुरू केली, पहिल्याच दिवशी एका पोराची आजी शाळेत आली आणि पाटावर बसून सव्वीस झाडांची कोलामी नावं सांगून गेली, मी लिहून घेतली पण उच्चार देवनागरीत नीट बसतात का शंका आहे, म्हणून पुढच्या वेळी मोबाईलवर रेकॉर्ड करणार.
आणि ती मुलगी, तिला सांगितलं आठ-दहा दिवस लागतात. तिने विचारलं की मग पोळ्याच्या वेळी पाहिलेलं तेच पान होळीच्या आधी ओळखायचं कसं. काका, त्या देठाला सुताचा दोरा बांधून ठेवला तर नेच्याला त्रास होईल का?

झाडीपट्टीचा काका
सैल बांधा, काई नाई होत. पन देठाले नोका बांधू, बाजूले बारीक काडी खोचा अन् काडीले दोरा बांधा. तिथल्या माळ्याले आधी सांगून ठेवा, नाई तं तो कचरा समजून काढून टाकीन.