प्रति: पवनचक्की म्हणजे कार्बन वाचलाच ना?

वर विचारलंय की पवनचक्की कोळशाची वीज वाचवतेच, मग तिच्या कार्बन क्रेडिटवर आक्षेप कशाला? वीज वाचते, मान्य. पण १ क्रेडिट म्हणजे १ टन कार्बन डायऑक्साइड वाचवल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र, आणि ते विकत घेणारा त्याच्या जोरावर स्वतःचा १ टन धूर सोडायला मोकळा होतो. म्हणून खरा सवाल हा की क्रेडिटचे पैसे नसते, तर ती पवनचक्की उभी राहिली असती का? याला 'अतिरिक्तता' म्हणतात, आणि सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे.

हवामानबदलावरच्या क्योटो कराराच्या सीडीएम योजनेखाली (विकसनशील देशांतल्या प्रकल्पांची क्रेडिट श्रीमंत देशांना विकत घेऊ देणारी योजना) आपल्याकडच्या पवनऊर्जा प्रकल्पांना भरपूर क्रेडिट मिळाली, त्यात धुळे-साताऱ्याकडचेही होते. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी भारतातले असे प्रकल्प तपासले, तेव्हा किमान ५२ टक्के क्रेडिट बहुधा तसेही उभे राहिलेच असते अशा प्रकल्पांना गेल्याचं दिसलं. कागद मात्र चोख! आराखडा, त्रयस्थ संस्थेची तपासणी, नोंदणी, मग दरवेळी मोजमाप आणि पडताळणी. यात गंमत अशी की तपासनिसाची फी प्रकल्पवालाच भरतो. (परीक्षकाचा पगार विद्यार्थ्याने द्यावा, तसं.)

नंतर क्रेडिटची नोंदणी करणाऱ्या व्हेरा या खासगी संस्थेने अतिअविकसित देश वगळता इतरत्र ग्रिडला (सार्वजनिक वीजजाळ्याला) जोडलेले मोठे नवे पवन-सौर प्रकल्प घेणं थांबवलं. आधी नोंदलेल्यांची क्रेडिट मात्र बाजारात फिरत राहिली. त्यामुळे स्वस्तात मिळतंय म्हणून घेणार असाल, तर आधी प्रकल्पाचं नोंदणीवर्ष बघा.