दहावीचा धडा काढा म्हणणाऱ्या महाराजांना

विज्ञानमास्तर:
काल कीर्तनसेवक महाराजांनी इथं लिहिलं की केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली तशी आपल्या बोर्डानंही काढावी, पोरांना ‘माकडाची अवलाद’ शिकवू नये. आणि तसंही मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह ते बुद्ध या क्रमात आपल्या पूर्वजांनी उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या डार्विनच्या आधीच सगळं सांगून ठेवलं आहे. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितो.

दर्यापूर तालुक्यात एकोणीस वर्षं विज्ञान शिकवतो. गळ्यात माळ आहे. संध्याकाळी गावात सामुदायिक प्रार्थना होते तिथं खंजिरी माझ्याच हातात असते. तेव्हा मला देव नको आहे म्हणून बोलतो असं कोणी समजू नये.

महाराज, तुम्ही एकाच दमात दोन उलट गोष्टी बोललात. दशावतारात उत्क्रांती सांगितली असेल तर धडा खरा आहे, मग काढायचा कशाला? धडा खोटा असेल तर दशावताराचा तुम्ही लावलेला अर्थही त्याच्यासोबत गेला. माकडाचं म्हणाल तर माणूस आजच्या माकडापासून झाला असं विज्ञान म्हणतच नाही. तुम्ही काही चुलतभावाच्या पोटी जन्मलेले नसता, दोघांचा आजा एक असतो, एवढंच ते नातं आहे.

आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे संत गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले, म्हणजे डार्विन वारले त्याच्या आदल्या वर्षी. तान्हेपणीच दृष्टी गेली, आयुष्य जेमतेम चौतीस वर्षांचं. तरी त्यांनी डार्विन आणि इंग्रज तत्त्वज्ञ स्पेन्सर यांच्या मतांची दखल घेऊन लिहिलं. आधी समजून घ्यायचं, मग बोलायचं, ही आपल्या भागातल्या संतांची रीत आहे. पुस्तकातून पानं फाडा ही नाही.

कीर्तनसेवक:
मास्तर, तुमचा मान राखून सांगतो. माझा नातू दहावीला आहे. वर्गात त्यानं विचारलं, ‘सर, मग राम-कृष्णही माकडापासूनच का?’ शिकवणारे सर हसले, सगळा वर्ग हसला. पोरगं दोन दिवस शाळेत गेलं नाही. हे तुमच्या विज्ञानानं केलं.

आणि दशावताराचा अर्थ मी घरी बसून काढलेला नाही. हाल्डेन हा मोठा इंग्रज शास्त्रज्ञ १९५७ साली भारतात राहायला आला, इथंच वारला. त्यालाही या क्रमात उत्क्रांती दिसली होती.

विज्ञानमास्तर:
हाल्डेन म्हणाले हे खरं. पण ते एक सुंदर साम्य म्हणून. परशुराम आणि राम तर एकाच काळात समोरासमोर उभे राहतात, त्यात आधीचा-नंतरचा प्राणी कुठं आला? उत्क्रांती शिडी नाही, फांद्या फुटत जाणारं झाड आहे. तुमच्या नातवाला मात्र हसायला नको होतं. मी त्या जागी असतो तर त्या प्रश्नावर अख्खा तास घेतला असता.

दीक्षाभूमीकडचा:
तुमचं आपसातलं चालू द्या, पण यादीत नववा म्हणून बुद्धाचं नाव कोणाला विचारून टाकलं? १४ ऑक्टोबर १९५६ ला माझे आजोबा गावाहून बैलगाडीनं स्टेशनावर आणि तिथून रेल्वेनं नागपूरला गेले, बावीस प्रतिज्ञा घेऊन परत आले. देवानं अवतार घेतला यावर विश्वास नाही ही त्यातली चौथी आणि बुद्ध विष्णूचा अवतार नाही ही पाचवी. आमच्या घरात त्या पाठ आहेत. आमच्या धम्मात सृष्टी घडवणारा कोणी नाहीच, म्हणून हा धडा वाचताना आमच्या पोरांना काही अडत नाही. तुमच्या भांडणात आमच्या तथागताला ओढू नका.

कीर्तनसेवक:
अनादर करायचा नव्हता. आमच्याकडच्या कितीतरी चित्रांत त्या नवव्या जागी विठोबाच असतो.

दीक्षाभूमीकडचा:
मग विठोबा लिहायचा होता ना.

डोळस:
मास्तर, मला महाराजांपेक्षा तुमचाच जास्त राग येतो. ते निदान सरळ बोलतात. तुम्ही सकाळी नैसर्गिक निवड शिकवता, संध्याकाळी खंजिरी वाजवता. निसर्गात कोणी ठरवून काही घडवत नाही हेच तर डार्विननं दाखवलं. मग तुमचा पांडुरंग नेमकं करतो काय? २०१८ मध्ये केंद्रातले एक राज्यमंत्री म्हणाले की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलं नाही. असल्यांना बळ तुमच्यासारख्या दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्यांमुळेच मिळतं.

विज्ञानमास्तर:
मला पाऊस का पडतो हे ठाऊक आहे, तरी पहिल्या पावसात वावराला हात जोडतो. वाटाण्यावर आनुवंशिकता शोधणारा मेंडेल मठातला संन्यासी होता. खुद्द डार्विननं १८७९ मध्ये एका पत्रात लिहिलं की माणूस कट्टर आस्तिक आणि उत्क्रांतिवादी दोन्ही असू शकतो, यात शंका घेणंच चुकीचं. माझा पांडुरंग अळी घडवायला बसत नाही. माझा बाप गेला त्या रात्री मी कोणापाशी बसलो होतो, तेवढं मला ठाऊक आहे. तुम्हाला तो नको असेल तर नको.

पऱ्हाटीवाला:
तुमी सगळे पुस्तकातलं बोलून राह्यले. म्या डोळ्यानं पाह्यलं थे सांगतो. २००२ मंदी बीटी कापसाचं बी आलं, त्याच्या झाडातच अळीले मारनारं इख. सुरवातीचे वर्सं अळीनं बोंडाले तोंड लावलं का मरे. २००६ मंदी बीजी-टू हे त्याचं नवं बी आलं, तवाई मरे. अन् २०१७ मंदी माह्या सात एकरात बोंड फोडून पाह्यलं तं आत गुलाबी अळी जित्ती. जिकडं पाहा तिकडं डोमकळ्या, म्हंजे अळीनं आतून बांधेल, न उमलनारी फुलं. वरून बोंड हिरवंगार, आतून सडेल. त्याच साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या इखानं वीसच्या वर माणसं गेली. माह्या शेजारच्या वावरातला गडी तीन दिस दवाखान्यात डोळे न उघडता पडून होता. माकडाचं मले माईत नाई. पण जी अळी मरे थे आता मरत नाई, हे काय हाये मास्तर?

विज्ञानमास्तर:
दादा, हीच उत्क्रांती. पण अळी शिकली, हुशार झाली, असं नाही. लाखो अळ्यांत दोन-चार अशा असतात की त्यांना बीटीचं विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या, या वाचल्या. वाचलेल्यांची पाखरं एकमेकांतच जुळली, त्यांची पिल्लं तशीच निघाली. वर्षात चार-पाच पिढ्या. हिरवी बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावरही जगते, तिथं बीटी नाही, म्हणून तिच्यात न सरावलेली पाखरं मिसळत राहिली. गुलाबी अळी जवळजवळ फक्त पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर. तिला दुसरीकडं जागाच नव्हती. त्याचसाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉनबीटीची पुडी द्यायचे, बांधाच्या कडेनं पेरायला. त्यावर साधी पाखरं वाढावी, सरावलेल्यांशी जुळावी, म्हणून. ती पुडी म्हणजे डार्विनचंच गणित होतं.

कृषीकेंद्रवाला:
हेच मी इतकी वर्षं सांगून थकलो. कास्तकार पाकीट उचलायचे आणि पुडी माझ्या दुकानासमोरच्या नालीत टाकून जायचे. वर पुन्हा फरदड, म्हणजे वेचणी झालेली जुनी पऱ्हाटी, मार्चपर्यंत उभी ठेवायची. अळीला बारमाही पंगत मिळाली तर ती कशी जाईल? दोष मात्र आमचा.

पऱ्हाटीवाला:
कास्तकाराले दोष देता? त्या पुडीतलं बी उगवत नोतं, म्या लावून पाह्यलं. उगवलं तं त्याचा वाण येगळा, फुलं येगळ्या येळी. ज्याच्यापाशी तीन एकर तो कडंच्या वळी अळीले खाऊ घालन? बँकेचं कर्ज अळी फेडन? अन् पुडी कायले देते हे एका माणसानं तरी सांगतलं का आमाले? तुमी तं तीन तीन औषधं एका डब्यात मिसळून हातात देल्ली, अन् म्हणलं ‘मार जोरात’. फरदड म्या हौसेनं नाई ठेवली. भाव नोता, हातात पैसा नोता, दोन येचे अजून निघतीन म्हणून ठेवली.

कृषीकेंद्रवाला:
सगळे दुकानदार एका मापात मोजू नका. माझी दोन लाखांची उधारी गावात अडकलेली आहे, मी कोणाच्या दारात बसलो नाही.

पऱ्हाटीवाला:
उधारीचं नंतर. मिश्रण देल्लं का नाई थे बोला.

कृषीकेंद्रवाला:
दिलं. वरून जे सांगायला यायचे त्यांच्या भरवशावर दिलं. तेवढं माझं चुकलं. पुडीच्या बाबतीत माझं म्हणणं कायम आहे.

कीर्तनसेवक:
अळीचं पटलं. मीही पऱ्हाटी लावतो, डोमकळ्या मीही वेचल्या. पण अळी अळीच राहिली, तिचं पाखरू काही पोपट झालं नाही. पंधरा वर्षांच्या हिशेबावरून कोट्यवधी वर्षांची गोष्ट कशी मानायची?

विज्ञानमास्तर:
पंधरा वर्षांवरून मानू नका. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला जा. तिथं डायनोसॉरची हाडं आणि दगड झालेलं शेण सापडतं, साडेसहा कोटी वर्षांहून जुनं. २००५ मध्ये त्या शेणात गवताच्या पेशींतले बारीक सिलिकाचे कण मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. तोवर अभ्यासकांची समजूत होती की त्या काळी गवत नव्हतंच. त्यांनी ती बदलली. आपली ज्वारी, गहू, धान सगळे त्याच गवताच्या कुळातले. पोपट एका रात्रीत होत नाही, महाराज. पण वेळ किती होता ते आपल्याच जिल्ह्यांतल्या मातीत पुरलेलं आहे.

मार्कंड्याची लेक:
एवढं सगळं वाचलं, आता मी बोलते. मी गडचिरोली जिल्ह्यातली. माझ्या मुलाचा सिकलसेलचा, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याच्या आजाराचा, रिपोर्ट एसएस, म्हणजे आजार आहेच असा, आला तेव्हा तो तीन वर्षांचा होता. हातपाय सुजायचे, रात्र रात्र रडायचा. सासूबाई म्हणाल्या, मागच्या जन्मीचं काहीतरी आहे, तेही माझंच. मी मार्कंड्याच्या महादेवाला दोन महाशिवरात्री अनवाणी गेले.

मग तपासणीत कळलं की मी वाहक आणि नवराही वाहक, म्हणजे दोघांतही या दोषाची एकेक प्रत, आजार मात्र नाही. तिथल्या सिस्टरनं कागदावर चार गोल काढून दाखवले. दोघं वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक वेळ असं होऊ शकतं. आणि हा दोष आपल्याकडं एवढा का, तर त्याची एकच प्रत असलेल्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जंगलात, डासांत जगलेल्या आमच्या आज्या-पणज्या त्याच्यामुळं वाचल्या असतील. त्यांना वाचवलं तेच माझ्या लेकराच्या वाट्याला दुहेरी आलं. त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर रडले. पण पहिल्यांदा असं वाटलं की मी कोणाचं काही वाईट केलेलं नाही.

मार्कंड्याला मी अजूनही जाते. फक्त आता क्षमा मागत नाही. महाराज, तुम्ही काढा म्हणता तो धडा मला शाळेतच नीट कोणी शिकवला असता तर लग्नाआधी दोघांनी रक्त तपासलं असतं.

डोळस:
ताई, यावर माझ्याकडं बोलायला काही नाही.

कीर्तनसेवक:
ताई, सकाळपासून तीनदा लिहून खोडलं. असले आजार पूर्वकर्माचं फळ आहेत असं मी कीर्तनात कितीदा सांगितलं, आठवतही नाही. समोर कोण आई बसली असेल याचा विचार केला नाही. ते यापुढं माझ्या तोंडून निघणार नाही. मास्तर, माणसाच्या उत्पत्तीचं तुमचं मला अजून पटलेलं नाही आणि लवकर पटेल असंही नाही. पण धडा काढा ही मागणी मागं घेतो. बुद्धांचं नावही कालच्या लिखाणातून काढलं आहे.

दीक्षाभूमीकडचा:
पाहिलं. ठीक आहे.

मार्कंड्याची लेक:
महाराज, हे आमच्या गावात येऊन सांगाल का? सासूबाई दवाखान्यात येत नाहीत, कीर्तनाला येतात.